कुत्रीचं गोत

आमच्या अंगणात कुण्या परक्याची मोठी गाडी येऊन थांबली की मी आत जाऊन कान तुटलेले कप काढते. आलेली माणसं शहरातली असतात, बूट महागाचे असतात, आणि कुत्र्याच्या जबड्यात घालून दात तपासलेली बोटं तशीच माझ्या बिस्किटांच्या ताटलीत जातात. अशा हातांसाठी मी चांगले कप काढत नाही. मग खिशातून टेप निघतो. कुत्र्याचं तोंड मोजतात, मान मोजतात, शेपूट ताणून मोजतात. छाती कुणी मोजत नाही. कुत्रं धावून परत आलं की कसं उभं राहतं, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही. फोटो काढून झाले की विचारतात, लाईन प्युअर आहे ना? माझा दीर छातीवर हात ठेवून सांगतो, शंभर टक्के प्युअर, घरच्या घरची.

घरच्या घरची हे शब्द ऐकले की मी बिस्किटांची ताटली उचलून आत नेते.

मी तांड्यातली बाई. माहेर उमरखेडच्या पुढं पैनगंगेच्या अंगाला, सासर फुलसावंगीजवळच्या तांड्यात, आणि नोकरी जवळच्याच आश्रमशाळेत मास्तरणीची. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे, तेव्हा ही लांब तोंडाची, उंच पायांची, पोट खपाटीला गेलेली कुत्री त्यांच्याबरोबर चालायची. ही कुत्री वास काढत बसत नाहीत. नजरेला जनावर पडलं की सुटतात. शहरातले लोक त्यांना कारवान म्हणतात. आमच्या तांड्यात नुसतं कुत्रं म्हणतात, आणि तेवढ्यानं काम भागत होतं.

माझ्या बापाला शिकारीचा नाद होता. सशाची शिकार तेव्हाही चोरूनच चालायची, आणि ती संपली याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. ससा धरला जातो तेव्हा कसा किंचाळतो ते मी लहानपणी ऐकलं आहे. पण कुत्रं ओळखावं ते माझ्या बापानं. बाकीचे लोक बांधावर चढून आरडाओरडा करायचे आणि हा खाली बसून तंबाखू मळायचा. पळताना सगळीच चांगली दिसतात, कुत्रं परतताना बघावं, असं तो म्हणायचा. परत आलेलं कुत्रं चार पायांवर उभं राहतं की बसकण मारतं, पाण्यावर तुटून पडतं की आधी श्वास खाली बसू देतं, एवढं तो बघायचा. आणि थोड्या वेळानं ते भाकरी मागतं का, याची वाट बघायचा. मागितली तर दम आहे. नाही मागितली तर ते कुत्रं त्याच्याबरोबर पुन्हा रानात जात नसे.

हा दम पिढ्यान् पिढ्या टिकवायची आमच्या दोन-चार तांड्यांत एक रीत होती. कुत्री माजावर आली की तिला तिच्या तांड्यातल्या कुत्र्याकडं द्यायचं नाही. दुसऱ्या तांड्यात न्यायचं, आणि पिल्लं झाली की त्यातलं मनपसंत पिल्लू कुत्र्याच्या मालकाला द्यायचं. विकायचं कुणी नाही. लेक सासरी निघाली की तिच्या मांडीवर कुत्रीचं एक पिल्लू द्यायचं. आमच्यात एका गोतात सोयरीक होत नाही, तोच न्याय कुत्र्यांना. बापाला कुणी विचारलं असतं की असं का, तर तो म्हणाला असता, असंच असते. पण रक्त फिरतं राहायचं आणि कुत्री डोंगर चढून यायची.

माझ्याही मांडीवर एक पिल्लू आलं. लग्नाच्या जीपमध्ये ते माझ्या नव्या ओढणीवर मुतलं, आणि सासूनं दारातच ते पाहिलं. ती म्हणाली, चला, घरात दोघी आल्या. त्या पिल्लाच्या लेकीची लेक म्हणजे भुरी. रंगानं मातकट म्हणून भुरी, याहून जास्त विचार कुणी केला नाही.

भुरीसारखी कुत्री मी दुसरी पाहिली नाही. आमचं रान नाल्याच्या काठाला, पलीकडं टेकडी. ऊस आणि हळद उभी राहिली की रानडुकरांचे कळप उतरतात आणि सकाळपर्यंत वाफ्यांची नासाडी करून ठेवतात. भुरी त्यांना चावायला जायची नाही, तेवढी शहाणी होती. मागं लागायची ती नाला ओलांडून टेकडीच्या माथ्यापर्यंत, आणि कळप पलीकडं उतरला की वळायची. परत येऊन माझ्यासमोर उभी राहायची, बरगड्यांचा भाता हळूहळू मंद व्हायचा, आणि मग माझ्या हाताकडं बघायची. मी भाकरी मोडायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आता दिराबद्दल. माझा नवरा देवमाणूस, म्हणजे त्याला नमस्कार करावा आणि कामाला दुसरं कुणी बघावं. दीर मात्र उद्योगी. ढाणकीला मोबाइलचं दुकान काढून झालं, तुरीची दलाली करून झाली, पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचे बॅनर लावून झाले. एकाही धंद्याला त्याच्यापेक्षा जास्त दम नव्हता.

भुरीचं पहिलं वेत रीतीप्रमाणं झालं होतं. मी तिला माझ्या भावाच्या तांड्यात नेलं होतं. त्या वेतातला एक कुत्रा दिसायला असा निघाला की रस्त्यानं जाणारे थांबायचे. तोंड निमुळतं, पाय कोरल्यासारखे. दिरानं तो आपल्याकडं ठेवला आणि ढाणकीकडं, पिकं निघालेल्या मोकळ्या रानात कुत्र्यांच्या शर्यती लागतात, तिथं नेला. मोटारसायकलच्या मागं चिंध्यांचं बोचकं बांधून पळवतात आणि कुत्री त्यामागं सोडतात. डोळा मिचकावेपर्यंत शर्यत संपते. आमचा कुत्रा पहिला आला. त्याच्यावर गुलाल उधळला, डोक्याला फेटा बांधला. कुत्रा बिचारा शिंकत होता आणि दीर नाचत होता. त्या दिवसापासून कुत्र्याचं नाव चॅम्पियन झालं आणि आमच्या अंगणात टेपवाले यायला लागले.

टेपवाल्यांना चॅम्पियनसारखी पिल्लं हवी होती, हुबेहूब तशी. बाहेरची कुत्री आणली तर रंग बदलतो, तोंड आखूड होतं, गिऱ्हाईक नाक मुरडतं. तेव्हा कुण्या शहाण्यानं दिराला सांगितलं की लाईन पक्की करायची तर चॅम्पियन त्याच्या आईलाच लावायचा.

मी शाळेतून घरी आले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. भुरीच्या तोंडाला फडकं बांधलं होतं. एकानं तिची मान दाबून धरली होती, एकानं कंबर, आणि तिसरा मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. भुरी खाली बसू बघत होती आणि ते तिला पुन्हा पुन्हा उभी करत होते. चॅम्पियन बाजूला शेपूट हलवत होता, त्याला काय कळतंय. माणसांना तरी कळायला हवं होतं. मी ओरडले तर दीर म्हणाला, भाभी, तुमी आत जा, हे बायांचं काम नाई. मी नवऱ्याकडं पाहिलं. तो गाईला वैरण टाकायला निघून गेला. मी आत जाऊन दार लावून घेतलं आणि खरंच ओकले. नंतरही कित्येक दिवस दिराच्या हातून पाण्याचा तांब्या घेताना मला किळस यायची.

पोटुशी भुरी अंगणातल्या बाजेखाली पडून असायची. त्याच दिवसांत दिराच्या मोठ्या मुलीला पाहुणे बघायला आले. पुसदकडची मंडळी, मुलगा सालस, स्वतःचा ट्रॅक्टर, पोरीला पसंत. मी स्वतः लाडू वळले होते. आडनाव वेगळं होतं, सगळं जुळत आलं होतं. मग तांड्याच्या म्हाताऱ्या नायकानं, म्हणजे आमच्या प्रमुखानं, खोदून खोदून विचारायला सुरुवात केली, आणि चार पिढ्या मागं जाऊन निघालं की दोघांचं मूळ गोत एकच. दिराचा चेहरा पडला. त्यानं पाहुण्यांसमोर हात जोडले, पण आवाज चढलेला होता. म्हणाला, गोत एक म्हणजे भाऊ-बहीण झाले, भाऊ-बहिणीचं लगन लावून मी कोनत्या तोंडानं देवापुढं उभा राहू?

म्हातारी मंडळी माना डोलावत होती. पोर आत रडत होती. आणि ज्या बाजेवर बसून तो हे बोलत होता, तिच्याखाली भुरी धापा टाकत पडली होती. माझ्या तोंडून निघून गेलं.

"भाऊजी, बाजीखाली बी एकदा वाकून पाहा. तिले बी गोत हाये."

पाहुण्यांना अर्थ लागला नाही, आमच्या माणसांना लागला. नवऱ्यानं मला डोळ्यांनी दटावलं. पोरीला चार पिढ्यांचं गोत आणि कुत्रीला आई-लेकाचंही नाही, असा आमचा धर्म. बाकी पाहुणे लाडू न खाता गेले.

भुरी व्याली. पिल्लं दिसायला बापावर. एकाला टाळूच नव्हती, पाजलं की दूध नाकातून बाहेर यायचं. एकाचे मागचे पाय जमिनीवर टेकतच नव्हते. दिरानं ती दोन पिल्लं रिकाम्या खताच्या पोत्यात घातली आणि नाल्याकडं गेला. हात धुऊन आल्यावर त्यानं गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं की पिल्लं एक नंबर झालीत. भुरी पोतं गेलं त्या वाटेकडं तोंड करून बसून राहायची. उरलेल्यांतली बरीचशी डोळे नीट उघडायच्या आत विकली गेली. घरी ठेवलेल्यांत पुन्हा बहीण-भाऊ, बाप-लेक, जसं जमेल तसं लावणं सुरू झालं. माझ्या माहेरची रीत माझ्याच अंगणात अशी सडली.

आणि चॅम्पियन? नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. एका सकाळी डुकरं उतरली तेव्हा मी मुद्दाम त्याला आणि त्याच्या एका थोरल्या लेकाला भुरीबरोबर सोडलं. लेक दुसऱ्या बांधापर्यंत विजेसारखा गेला आणि तिथंच बसला. जीभ काळी-निळी, छाती आतून कुणी ठोठावतंय असं वाटावं. चॅम्पियन नाल्यापर्यंत गेला आणि वळला. म्हातारपणाकडं झुकलेली भुरी एकटी टेकडीवर गेली. परत आल्यावर तिनं भाकरी मागितली. ते दोघं दिवसभर काही खाऊ शकले नाहीत. दिराला सांगितलं तर तो म्हणाला, गिऱ्हाईक काय डुकरं हाकलायले नेते काय?

भुरीला एकच वेत द्यायचं वय उरलं होतं. ते वाया गेलं तर माझ्या मांडीवरून या घरात आलेला दम तिच्याबरोबर मातीत जाणार, हे मला दिसत होतं. ती माजावर आली तेव्हा दीर एका गिऱ्हाइकाच्या कामानं बाहेर होता. मी शाळेत रजा टाकली, तिच्या गळ्यात दोरी घातली आणि काळी-पिवळीत बसून माहेरची वाट धरली. ड्रायव्हर कुरकुरला, पण ती माझ्या पायाशी इतकी शहाण्यासारखी बसली की पुढं त्यानंच तिला बिस्कीट दिलं.

भाऊ आनंदला. म्हणाला, बाई, बरी वेळेवर आलीस, असा कुत्रा दाखवतो की पाहत राहशीन. गोठ्याकडून त्यानं कुत्रा आणला. तेच निमुळतं तोंड, तेच कोरलेले पाय, आणि शेपटीच्या टोकाला तोच वाकडा पीळ जो चॅम्पियनला आहे आणि त्याच्या सगळ्या पिल्लांना. मी विचारायच्या आधीच भाऊ अभिमानानं म्हणाला, "तुमच्याच तांड्यातला हाये. चॅम्पियनचा लेक. आता आपल्या साऱ्या तांड्याईत हेच रक्त हाये."

म्हणजे भुरीचा नातू. जुना कुत्रा, चॅम्पियनचा बाप, कुठं आहे विचारलं तर म्हणाला, कधीचाच मेला, आणि त्याची बाकीची पिल्लं ठेवली नाहीत, कारण त्यांना भाव नव्हता. ज्या घरात कुत्रं विकणं म्हणजे पोर विकणं मानायचे, त्या घरात माझा सख्खा भाऊ मला भाव सांगत होता. दिराची मला किळस यायची, पण तो परका, त्याला शिव्या घालून मोकळं होता यायचं. इथं कुणाला घालू? वहिनीनं चहा आणला. मी कप हातात घेतला, तो कान तुटलेला नव्हता, आणि तरी तसाच खाली ठेवला. भुरीची दोरी सोडली नाही. तशीच उठले.

फुलसावंगीला काळी-पिवळीतून उतरले तेव्हा डोळे भरून आले होते. स्टँडजवळ एका मिस्त्रीचं गॅरेज आहे. त्याच्या वडिलांची आणि माझ्या सासऱ्यांची जुनी दोस्ती, ईदला शिरखुर्मा आणि दिवाळीला फराळ अजून इकडून तिकडं जातो. मी त्याच्या बाकड्यावर बसले. टायरांच्या ढिगामागून त्याचा कुत्रा आला. एक कान उभा, एक पडलेला, तोंड जाडसर, अंगावर ऑइलचे डाग, पण छाती अशी की दोन कुत्र्यांची एकाला लागली असावी. मिस्त्री म्हणाला, याची पणजी तुमच्याच सासऱ्यांनी माझ्या अब्बांना दिली होती, पुढं मोहल्ल्यातल्या कुणाकुणाची भर पडत गेली.

"ताई, याचं खानदान नका विचारू," तो हसत म्हणाला. "पन रोज माझ्या गाडीमागं ढाणकीच्या फाट्यापर्यंत धावते आन् वापस येऊन रोटी मांगते."

रोटी मागतो म्हटल्यावर मी वर पाहिलं. मी काही ठरवलं, असं मी म्हणणार नाही. मी दोरी सोडली एवढंच. भुरीनं त्याला हुंगलं, एकदा दात दाखवले, टायरांना एक फेरी घातली आणि मग शेपूट बाजूला केली. तिचं तोंड बांधावं लागलं नाही, कुणी मान धरली नाही. मिस्त्री शरमेनं पाठ फिरवून पाने पुसत बसला.

पिल्लं झाली ती बघून दिरानं कपाळावर हात मारून घेतला. एक ठिपक्याठिपक्याचं, एक आखूड तोंडाचं, सगळ्यांचे कान आपापल्या मर्जीचे. हे गावठी कुठून आलं म्हणून त्यानं घर डोक्यावर घेतलं. गाडी आली की तो त्या पिल्लांना गोठ्यात कोंडायचा, आपल्या लाईनला बट्टा नको म्हणून. पण त्यातलं एकही मेलं नाही. सगळी टाळू घेऊन आली, पाय घेऊन आली. भुरीनं ती सुटी होईपर्यंत पाजली आणि पावसाळ्याच्या तोंडाला एका दुपारी झोपली ती उठली नाही. मी तिला हळदीच्या बांधावर पुरलं. दीर त्या वेळी कुण्या गिऱ्हाइकाशी फोनवर बोलत होता.

तिच्या त्या वेतातली एक मादी मी ठेवली, बाकीची आसपासच्या वस्त्यांवर दिली. आखूड तोंडाची, एक कान पडलेला. मोठी झाली आणि पहिल्याच मोसमात कळपामागं टेकडीवर गेली. मी बापासारखी बांधाखाली बसून राहिले, बघितलं नाही. परत आली तेव्हा बघितलं. उभी राहिली. श्वास खाली बसू दिला. मग माझ्या हाताकडं पाहिलं.

दीरही बघत होता, हे मला माहीत नव्हतं. तोवर त्याच्याकडं फोन यायला लागले होते. नेलेली कुत्री पळता पळता कोसळतात, पिल्लं जगत नाहीत, पोटं राहत नाहीत. तो माझ्याजवळ येऊन बसला, इकडंतिकडं बघून हळू आवाजात म्हणाला, "भाभी, हे मादी मले द्या. चॅम्पियनच्या लेकाले लावतो. एक-दोन पिढीत तोंड लांब होऊन जाते, कोनाले समजत नाई."

"आन् गिऱ्हाइकानं लाईन विचारली तं?"

"घरच्या घरची सांगन ना."

त्यानं खिशातून टेप काढला आणि माझ्यादेखत तिची छाती मोजली. आयुष्यात पहिल्यांदा. मला वाटलं, याच्या हातून टेप घेऊन याच्याच जिभेची लांबी मोजावी. मी विचार करते म्हणाले.

त्याच हिवाळ्यात त्याच्या मुलीचं लग्न ठरलं, लांबच्या तांड्यात, गोत नीट सात ठिकाणी विचारून. पाठवणीच्या वेळी बायका रडत गात होत्या, पोर जीपमध्ये बसली होती. मी गोठ्यातून ती मादी आणली आणि तिच्या पायाशी चढवली. मांडीत मावण्याएवढी ती राहिली नव्हती. म्हटलं, आपल्या घरची रीत आहे, लेक निघाली की कुत्री द्यावी. नायकासकट सगळी म्हातारी मंडळी म्हणाली, बरोबर आहे, किती वर्षांनी कुणी रीत पाळली. सगळ्यांसमोर दीर नाही म्हणू शकला नाही. पुढं तिकडून कुत्री मागून आणायची, तर लेकीच्या सासरी हात पसरावा लागणार.

जीप निघाली. दीर तिच्यामागं थोडा धावला, वेशीजवळच दम लागून उभा राहिला आणि ढसाढसा रडला. लेकीसाठी की कुत्रीसाठी, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.